चामड्यासाठी जुनं इंडस्ट्रियल मशीन: घेताना काय बघायचं आणि जिन्यावरून कसं चढवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं तुम्ही आरी आणि दोन सुया घेऊन हातानेच बॅगा आणि कमरेचे पट्टे शिवताय. आता एक जुनं सिंगर १११डब्ल्यू१५५ विकायला आलंय, टेबल आणि क्लच मोटरसकट. विकणारा म्हणतो, ‘लेदर, कॅनव्हास, ताडपत्री, काहीही घाला, शिवतं.’ घर दुसऱ्या मजल्यावर, जिना वळणाचा, लिफ्ट नाही. घ्यावं का, आणि घेतलं तर वर कसं न्यावं?

बॅगांसाठी घ्या. जाड पट्ट्यांसाठी आरी अजून जवळ ठेवा. आणि मशीन अख्खंच्या अख्खं उचलायचा बेत आत्ताच रद्द करा. आता सविस्तर सांगतो.

जुनं मशीन बघायला जाताना मी एक गोष्ट पक्की धरून जातो. समोर दिसतं ते एक मशीन नसतं. हेड (म्हणजे प्रत्यक्ष शिवणारा वरचा भाग), टेबल आणि मोटर अशा तीन वेगवेगळ्या वस्तू तिथे एकमेकींना बांधून उभ्या असतात. त्या तिन्ही वेगवेगळ्या तपासायच्या, भाव वेगवेगळा धरायचा आणि नेतानाही वेगवेगळ्या न्यायच्या. खरी खरेदी हेडची. टेबल कुठलाही बरा सुतार करून देतो. मोटर तर बहुतेक जण वर्षाच्या आत बदलतात. त्यामुळे ‘टेबल नवंकोरं आहे, मोटर आत्ताच भरून घेतली आहे’ असं म्हणत विकणारा किंमत चढवायला लागला की मान डोलवायची आणि हेडकडे बघत राहायचं.

हेडमध्ये सगळ्यात आधी फीड, म्हणजे माल सरकवायची यंत्रणा, बघा. कपड्याच्या साध्या मशीनमध्ये माल फक्त खालचे दात ओढतात. चिकटवलेल्या कातड्याचे दोन थर त्यावर घातले की खालचा थर पुढे जातो आणि वरचा पायाखाली अडून राहतो. शिलाईच्या शेवटी वरचा थर चार-पाच मिलिमीटर जास्त उरतो. १११डब्ल्यू१५५ चा फीड तिहेरी आहे. सुई कातड्यात असतानाच खालचे दात, सुई आणि आतला पाय असे तिघं मिळून माल मागे नेतात. त्या वेळी बाहेरचा पाय उचललेला असतो. सुई वर निघाली की बाहेरचा पाय खाली येऊन माल धरून ठेवतो आणि आतला पाय पुढच्या टाक्यासाठी पुढे येतो. थर सरकायला वावच राहत नाही. यालाच कंपाउंड फीड किंवा वॉकिंग फूट म्हणतात. ज्युकी एलयू-५६३, कॉन्स्यू २०६आरबी, फाफ ५४५ ही सगळी याच घराण्यातली. यांतलं कुठलंही चांगल्या अवस्थेत मिळालं तरी बॅगवाल्याचं काम भागतं.

मात्र नुसत्या ‘१११डब्ल्यू’ या अक्षरांवर जाऊ नका. त्या मालिकेत बरेच उपप्रकार आहेत आणि सगळ्यांत तिहेरी फीड नाही. प्लेटवरचे शेवटचे आकडे वाचा. प्लेट उडालेली असेल तर हाताने चाक फिरवा आणि सुईकडे नीट बघा. सुई खाली असताना आतल्या पायाबरोबर मागे सरकली तर तुम्हाला हवं तेच मशीन आहे. ती नुसती वरखाली होत असेल तर तो साधा फीड, मग बाजूला ‘हेवी ड्यूटी लेदर’ असं कितीही मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असो. सिंगर ३१-१५ हे शिंप्याचं मशीन, आपल्या जागी उत्तम. पण त्याला लेदर मशीन म्हणून खपवताना मी कितीतरी वेळा पाहिलंय. तसंच सिंगर २९के. त्याचा पाय गोल फिरतो, बुटाच्या आत शिरतो, दुरुस्तीच्या कामात त्याला तोड नाही. बॅगेची लांब सरळ शिलाई मात्र त्याच्याकडून मागू नये. बॉबिन इवलंसं, माल ओढणार वरचा पायच, आणि त्याच्या दातांचे वळ कातड्यावर कायमचे.

आता दोरा आणि जाडी. ‘हे मशीन किती जाड शिवतं?’ असं सगळेच विचारतात. मी उलट विचारतो, तुम्ही कुठला दोरा वापरणार? कारण मशीनचा वकूब दोऱ्यावरून ठरतो. हुक (खाली फिरत सुईचा दोरा पकडणारा भाग), टेन्शनच्या तबकड्या, बॉबिन केसची स्प्रिंग, सुईचं माप, सगळं एका ठरावीक दोऱ्याच्या आसपास बांधलेलं असतं. दोऱ्याचा टेक्स आकडा म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं वजन ग्रॅममध्ये. १११डब्ल्यू१५५ सारख्या मशीनवर टेक्स ७० आणि टेक्स १३५ आरामात चालतो. टेक्स २१० वर घालून खाली टेक्स १३५ ठेवला तर टेन्शनची थोडी मनधरणी करून जमतं. त्यापुढे नाही. सुई टेक्स ७० ला ११० नंबरची, टेक्स १३५ ला १४० किंवा १६०. हा नंबर म्हणजे सुईच्या जाडीचे शतांश मिलिमीटर, म्हणजे १६० ची सुई १.६ मिलिमीटर जाड. सुईचं कुळ १३५x१७. त्याचंच चामड्यासाठी धारदार टोकाचं भावंड म्हणजे १३५x१६. दोन्हींची लांबी सारखी, त्यामुळे बदलताना काही हलवावं लागत नाही.

तुमच्या बॅगा दीड ते दोन मिलिमीटरच्या कातड्याच्या असतील. दुमडलेल्या कडेला आणि चेनपाशी ते चार-सहा मिलिमीटर होतं, तेही कडा रापीने नीट तासल्या तर. एवढं हे मशीन दिवसभर शिवेल. साडेतीन मिलिमीटरचे दोन थर चिकटवून केलेल्या पट्ट्याला मात्र टेक्स २७० चा जाड, उठावदार टाका शोभतो. तो या मशीनचा प्रांत नाही. पायाखाली सात-आठ मिलिमीटर माल शिरतो म्हणून तो शिवला जाईलच असं नसतं. पाय आळीपाळीने उचलायला वर जागा लागते, आणि सुईने केलेला फास आवळायला दोरा ओढणाऱ्या लीव्हरला ताकद लागते. त्या कामासाठी ज्युकी टीएससी-४४१ च्या धर्तीची, लांब गोल हाताची मशीनं असतात.

मग एकदाच मोठं घेऊन टाकू का, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. त्या मोठ्या मशीनची सुईपट्टीतली फट रुंद, पायाचा दाब जबर, हुक दांडगा. दीड मिलिमीटरच्या कातड्याचं पाकीट बारीक दोऱ्याने शिवायला गेलात तर कातडं फटीत ओढलं जातं आणि दोऱ्याची गाठ थरांच्या मधोमध न बसता खालून नाहीतर वरून डोकावते. पाकिटापासून घोड्याच्या खोगिरापर्यंत सगळं शिवणारं एकच मशीन मी आजवर पाहिलेलं नाही.

१११डब्ल्यू१५५ ची एक अडचण विकणारा स्वतःहून सांगणार नाही: याला उलटा टाका नाही. रिव्हर्सचा लीव्हरच नाही. शिलाईच्या शेवटी टाके पक्के करायचे तर सुई खाली ठेवून माल फिरवायचा आणि त्याच भोकांतून तीन टाके परत यायचं, नाहीतर दोरे खाली ओढून गाठ मारायची. मी बरीच वर्षं असंच काम केलं आणि फारसं अडलं नाही. पण बॅगेला कप्पे, खिसे, हँडलचे तुकडे असतील तर दिवसातून शंभर वेळा माल गरागरा फिरवावा लागतो. हे जड जाईल असं वाटलं तर थोडं थांबून २०६आरबी किंवा एलयू-५६३ शोधा. त्यांना रिव्हर्स आहे.

आता प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हाचं. स्वतःचं कातडं, स्वतःचा दोरा आणि नवीन सुया घेऊन जा. विकणारा नेहमी दोन पदरी कापडावर टाका दाखवतो, आणि कापडावर सगळीच मशीनं गुणी वाटतात. पण शिवायच्या आधी मोटर बंद करा, पट्टा उतरवा, दोरा काढा आणि चाक हाताने फिरवा. वरचा भाग आपल्याकडे येईल असं, अगदी सावकाश, निदान वीस फेऱ्या. चांगलं मशीन फिरताना सुई वर येताना थोडं हलकं लागतं, दात उचलताना किंचित जड, आणि हे प्रत्येक फेरीत त्याच जागी होतं. सगळीकडे सारखंच जड लागत असेल तर बहुधा जुनं तेल चिकट झालंय. ते सुटतं. एकाच ठिकाणी खट्‌ करून अडत असेल तर आत काहीतरी वाकलंय किंवा घासतंय. तिथे थांबून टॉर्च लावून बघा.

मग सुईचा दांडा चिमटीत धरून मागेपुढे हलवा. तिहेरी फीडच्या मशीनमध्ये दांडा झुलणाऱ्या चौकटीत असतो, त्यामुळे केसभर हालचाल असणारच. पण टक-टक आवाज येईल इतका खेळ असेल तर बुश (दांडा ज्यांत सरकतो त्या नळ्या) झिजलेत, आणि जाड मालात टाके सुटणार. चाक धरून बाहेर-आत ओढून बघा. शाफ्ट सरकता कामा नये. सुईपट्टीशेजारची सरकती पट्टी उघडून हुकच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे दोराही अडकणार. बारीक खरवड असेल तर पॉलिश पेपरने जाते, टोकच उडालं असेल तर हुक नवा. या मॉडेल्सचे हुक मिळतात, त्यामुळे तेवढ्यावर सौदा मोडायचं कारण नाही, भाव कमी करायचं मात्र आहे. वरचा आणि खालचा शाफ्ट जोडणारा पट्टा उभ्या खांबाच्या आत असतो. त्याच्याकडेही डोकावून बघा. तो विरलेला असेल तर बदलताना टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकच्या हालचालींचा मेळ, नव्याने लावावं लागतं.

टायमिंग तिथेच तपासता येतं. सुई अगदी खाली जाऊन साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर आली की हुकचं टोक सुईच्या मागच्या खाचेत, भोकाच्या किंचित वर यायला हवं. पुढे-मागे असेल तर ती दुरुस्ती आहे, मरण नाही.

माझं एक मशीन असंच ‘मेलेलं’ म्हणून हाती आलं होतं. विकणाऱ्याने सरळ सांगितलं, ‘जाम आहे, चाक फिरतं पण हुक फिरत नाही, भंगारात देणार होतो.’ या जातीच्या मशीनमध्ये हुकच्या रक्षणासाठी एक सेफ्टी क्लच असतो. दोरा हुकमध्ये गुंतला की तो सुटतो आणि हुक जागेवर थांबतो, म्हणजे सुई-हुकची टक्कर टळते. मी हुकमध्ये अडकलेला दोऱ्याचा गुंता चिमट्याने ओढून काढला, बेडवरचं (हेडच्या सपाट तळावरचं) छोटं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि चाक जरा जोर लावून उलट्या दिशेने फिरवलं. खट्‌ असा आवाज झाला आणि हुक फिरायला लागला. विकणाऱ्याचा चेहरा बघवेना, म्हणून ठरलेल्या भावाच्या वर थोडे दिले. तुमच्यापुढे असं मशीन आलं तर भंगार समजण्याआधी हे करून बघा. बटणाची जागा आणि पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते.

शिवून बघताना दोन थरांवरून चार थरांवर चढा आणि परत उतरा. तिथेच, थेट उतरणीवर, टाके सुटतात. एखादा टाका सुटला तर पायाचा दाब वाढवून पुन्हा बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. माल पलटून खालची बाजू बघा. विकणारे वरचीच दाखवतात. जुन्या मशीनवर पूर्वी कॅनव्हास शिवलेला असेल तर पायाला आणि खालच्या पट्टीला टोकदार दात असतील, कातड्यावर त्यांचे ठसे उमटतील. त्याला घाबरू नका. गुळगुळीत पाय वेगळे मिळतात.

मी कशावर पाठ फिरवतो? बेडला किंवा खांबाला तडा गेला असेल, किंवा वेल्डिंगचा टाका दिसला तर. बिडाचं लोखंड एकदा फुटलं की आतल्या शाफ्टची रेषा पुन्हा सरळ होत नाही. आणि स्क्रूंची डोकी चेपलेली, कडा उडालेल्या दिसल्या तर. गंज परवडला, पण चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने जागोजागी उघडून बघणारा उत्साही मालक परवडत नाही. अनोळखी ब्रँडचं, बॉबिन केस हरवलेलं मशीनही घेऊ नये, फुकट मिळालं तरी.

मोटरबद्दल. क्लच मोटर स्विच चालू केल्यापासून पूर्ण वेगात फिरत असते, पायडलने तुम्ही फक्त क्लच लावता. ५० हर्ट्‌झवरची चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४२५ फेरे घेते. मोटरवर ७५ मिलिमीटरची पुली आणि मशीनकडे १०० ची असेल तर मिनिटाला हजाराच्या वर, म्हणजे सेकंदाला जवळपास १८ टाके. सहा मिलिमीटरच्या टाक्याने एका सेकंदात दहा सेंटिमीटर शिलाई. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो, कातड्यात पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून सर्वो मोटर. ती पायडल दाबेपर्यंत गप्प असते, हळू फिरते आणि वजनाला हलकी. पण हळू फिरताना तिची ताकद पडते, म्हणून तिच्यावर बसेल तेवढी लहान पुली लावा. मोटरची पुली निम्मी केली की वेग निम्मा होतो आणि सुईमागचा जोर दुप्पट. तरीही अडखळत असेल तर मध्ये ३:१ चा रिड्यूसर, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी पुल्यांची जोडणी. पुली बदलली की पट्टाही नव्या लांबीचा लागतो, हे सगळेच विसरतात आणि पुन्हा दुकानात जातात.

जुन्या मोटरची प्लेट मात्र वाचाच. कारखान्यातून निघालेली बरीच मशीनं थ्री फेजची असतात आणि घरात सिंगल फेज. ‘लावून बघू’ म्हणून ती घरच्या प्लगवर जोडू नका. आणि क्लच मोटर बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. तेवढ्यात पायडलला पाय लागला तर सुई चालते. स्विच बंद केल्यावर हात लांब ठेवून पायडल दाबायचं, फेरे संपू द्यायचे, मगच सुईजवळ बोटं न्यायची.

आता नेण्याचं. सपाट बेडचं असं हेड साधारण ३० ते ४० किलो, क्लच मोटर १५ ते २५, वर टेबल-स्टँड. सगळं मिळून ८०-१०० किलो, आणि तेही डोक्यात जड, पायात हलकं. चाकाची बाजू खांबामुळे आणखी जड. अशी वस्तू जिन्याच्या वळणावर कलली की आवरत नाही.

हे मी शिकलो ते महागात. सुरुवातीच्या काळात आम्ही दोघं एक मशीन टेबलासकट दारातून बाहेर काढत होतो. हेड मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर टेकलेलं असतं आणि पुढे नुसतं रबरावर बसलेलं, हे माहीत होतं, पण ‘दोन पावलं तर जायचंय’ म्हणून सोडलं. टेबल मागे कललं, हेड पुस्तकासारखं उघडलं आणि मागे टेकवायची लाकडी खुंटी टेबलात नव्हतीच. हेड चाकावर आदळलं. चाक जरासं वाकलं, बस्स, असं वाटलं. घरी येऊन फिरवलं तर शाफ्ट वाकलेला. त्या मशीनने त्याआधी कित्येक वर्षं बिनतक्रार काम केलं होतं.

म्हणून उतरवायचा क्रम ठरलेला ठेवा. आधी फोटो काढा: पट्टा कसा गेलाय, पायडलची दांडी कुठे अडकलीय, गुडघ्याने पाय उचलायचा लीव्हर कुठे बसतो, वायरी कशा जोडल्यात. प्लग काढा. सुई काढा. पायाखाली कातड्याचा जाड तुकडा ठेवून पाय खाली सोडा. दोऱ्याचा स्टँड, पट्ट्याचं झाकण, टेबलावरचं बॉबिन भरायचं यंत्र काढून बाजूला ठेवा. चाक हाताने फिरवत पट्टा त्यावरून घसरवून काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. खालच्या तेलाच्या पॅनमध्ये तेल असेल तर पुसून घ्या, नाहीतर गाडीभर तेल. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिकटपट्टीवर लिहा. हे वेळखाऊ वाटेल, पण दुसऱ्या दिवशी एकसारखे दिसणारे पण वेगळ्या आट्यांचे चार बोल्ट हातात घेऊन बसाल तेव्हा कळेल.

मोटर हेडच्या आधी उतरवू नका. आधी हेड. खालची जड मोटर टेबलाला जमिनीवर धरून ठेवते. ती काढली आणि हेड वरच राहिलं तर टेबल जास्तच डगमगतं. हेडची पुढची कड थोडी उचलून बघा की बिजागरीच्या खुंट्या टेबलातल्या खाचेतून सुटतात का. काही ठिकाणी त्या स्क्रूने धरलेल्या असतात, ते आधी ढिले करा. मग दोघांनी उचला. एकाने खांबाच्या बाजूने बेडखाली हात घालायचा, दुसऱ्याने सुईच्या बाजूने बेडखाली, आणि मोकळा हात वरच्या आडव्या हाताखाली. चाकाला, टेन्शनला, पाय उचलायच्या लीव्हरला हात लावायचा नाही. ती हातात छान बसतात, म्हणूनच लोक धरतात आणि वाकवतात. मोटर उतरवताना एकाने खालून दोन्ही हातांनी तोललेली असतानाच दुसऱ्याने बोल्ट सोडायचे. शेवटचा बोल्ट सुटताच ती खाली येते, आणि तिथे बहुधा कुणाचा तरी पाय असतो.

हेडसाठी जाड प्लायचा तुकडा घ्या, बेडपेक्षा सगळीकडून हातभर मोठा नको, चार बोटं पुरे. त्यावर जुनी गादी किंवा फोम, त्यावर हेड उभंच, जसं टेबलावर असतं तसं. आडवं नाही. बेडखालचे भाग लाकडावर टेकत असतील तर दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या ठोकून बेड त्यांवर बसवा. रॅचेटचा पट्टा बेडवरून टाकून प्लायला आवळा, आडव्या हातावरून नाही. गाडीत हे ड्रायव्हरमागच्या भिंतीला टेकवून, चाकाची बाजू मोकळी राहील असं ठेवा. ब्रेक लागला की सगळं पुढे जातं, म्हणून पुढे मोकळी जागा ठेवायची नाही.

जिन्यावर हेड दोघांनी न्यायचं, त्याच प्लायसकट, बाजूंना दोरीच्या मुठी करून. ताकदीचा माणूस खाली, कारण भार उतरतो तो त्याच्यावर. वरचा माणूस उलटा चालतो, त्याला पायरी दिसत नाही, म्हणून बोलायचं काम खालच्याचं. प्रत्येक वळणावर एक स्टूल किंवा पेटी आधीच नेऊन ठेवा. वाटेत टेकवायला जागा आहे एवढ्यानेही हात कमी दुखतात. टेबल उलटं करून, पाय वर, पायडल दोरीने बांधून न्या. ते साधारण चार फूट लांब असतं, वळणावर उभं केलं की निघतं. फळी भुशाच्या बोर्डाची असेल तर कडेला धरून उचलू नका, स्टँडचे स्क्रू फळीतून उपटून येतात. लोखंडी चौकट धरा. मोटर एकट्याने पिशवीत घालून नेता येते, पण पाठीचा विचार करा.

पुढेमागे गोल हाताचं किंवा ४४१ च्या धर्तीचं मशीन घ्यायची वेळ आली तर हेडच ५० किलोच्या वर असतं, लांब हातामुळे तोल एका बाजूला झुकलेला. तिथे दोघांची हिंमत चालत नाही. इंजिन उचलायचा छोटा हॉइस्ट भाड्याने आणा आणि दुसऱ्या मजल्याचा नाद सोडा.

वर पोचल्यावर लगेच चालू करायचा मोह होईल. आवरा. टेबलाचे चारही पाय टेकतात का बघा, हेड बसवा, मोटर, मग पट्टा. पट्टा मधोमध बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबावा. फार ताणला तर शाफ्टवर उगाच भार. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल प्रत्येक छिद्रात दोन थेंब, इंजिन ऑइल नको. ते दाट असतं आणि काही महिन्यांत आतली भोकं लिंपून टाकतं. मशीन जड फिरत असेल तर जुना चिकटा रॉकेलने सोडवा, पुसा, मग तेल. हाताने पन्नास फेऱ्या, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुन्हा तेल. मग दोऱ्याशिवाय कागदावर हळू चालवा. भोकांमधलं अंतर सारखं आलं तर फीड ठीक. नंतरच दोरा.

पहिले काही दिवस पॅनमध्ये काळपट तेल जमेल. ती जुनी घाण आहे, पुसत राहा. त्या तेलात टॉर्चच्या उजेडात चमचमणारे कण दिसले, तर मशीन थांबवा, बोटावर तेल घेऊन त्याचा आणि हुकचा फोटो काढून इथेच टाका. कण पिवळे आहेत की पांढरे यावरून बुश झिजतोय की हुक घासतोय याचा बराचसा अंदाज येतो.